आंबा नाही, हेही कळवायचं असतं

देवगड तालुक्यात ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्यांची आंब्याची बाग आहे, त्यांच्या कपाटात वाशीच्या घाऊक बाजारातल्या जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा हमखास सापडतो. पट्टी म्हणजे आडत्याने, माल विकून देणाऱ्या दलालाने, पाठवलेला हिशेब. वर पेढीचं नाव, खाली किती डाग, म्हणजे पेट्या, आले, कुठल्या दराने गेले, मग हमाली, तोलाई, भाडं, आडत वजा होऊन हातात पडणारी रक्कम. सासऱ्यांनी आमच्या पट्ट्या वर्षवार बांधून ठेवल्या आहेत. लग्न होऊन आल्यावर मी त्या चाळल्या, तेव्हा एक गोष्ट मनाला फार लागली. तो आंबा खाल्ला कुणी, याचा त्या सगळ्या कागदांत कुठेही पत्ता नव्हता. थंडीत मोहोर फुटल्यापासून माणूस झाडाभोवती फिरतो, फवारण्या करतो, वानरांमागे धावतो, उन्हातान्हात फळ उतरवतो, आणि ज्याच्या घरात तो आंबा कापला जातो त्या घराचं नाव त्याला आयुष्यभर कळत नाही.

हे बदललं ते टाळेबंदीत. २०२० च्या मार्चअखेर सगळं बंद झालं, तेव्हा पहिल्या मोहोराचा आंबा काढणीला आला होता. वाशी कधी चालू, कधी बंद. फळ काही थांबत नाही. मग वाहतुकीचे पास काढून टेम्पो थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या गेटवर जायला लागले. आमचा पहिला टेम्पो डोंबिवलीला गेला, कारण तिथे नणंद राहते आणि तिने तिच्या इमारतीतली नावं गोळा करून ठेवली होती. संध्याकाळी तिने ती यादी फोनवर पाठवली. आडनाव, मजला, किती डझन. सासऱ्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "म्हणजे ह्येंनी खाल्ल्यानी," एवढंच म्हणाले.

त्या यादीची मी वही केली. आजही ती चालू आहे, आता तिच्या जोडीला फोनही आहे. लोक मला विचारतात, घरबसल्या कोकम-आंबा विकायचा तर मार्केटिंग कसं करायचं, पान कुठलं काढायचं, जाहिरातीला किती पैसे घालायचे. मी वहीबद्दल बोलायला लागले की त्यांना ते किरकोळ वाटतं. मला तसं वाटत नाही. कोकणातला धंदा हंगामाचा. आंबा दोन-अडीच महिने, रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, त्याच उन्हात, काजू त्याच्या जरा आधी. म्हणजे वर्षातले बरेच महिने आपल्याकडे विकायला फारसं काही नसतं. गिऱ्हाईक आपलं होतं की नाही, हे त्या रिकाम्या महिन्यांत ठरतं. विकण्यासारखं काही नसताना आपण त्याला काय सांगतो, आणि विकण्यासारखं असताना त्यातली खोट आधी सांगतो की नाही, यावर सगळं उभं आहे असं मला अनुभवाने वाटू लागलंय.

हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही. देवगडच्या मासळी बाजारात शिकले. तिथे एक मावशी बसतात, सासूबाई त्यांच्याकडूनच मासे घेत आल्या आहेत. एकदा घरी पाहुणे होते म्हणून मी सुरमई घ्यायला गेले. मावशींनी पाटीतली सुरमई पुढे केलीच नाही. "आज सुरमय नको नेव गो बाय. बर्फातली आसा. बांगडे बघ, आताच इलेत." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी अंगठ्याने बांगड्याचा कल्ला वर उचलला. आत लालभडक. मग तसाच सुरमईचा उचलून दाखवला, तो विटकरी, कडेला काळपटलेला. डोळ्यावरही हलकी साय धरली होती. शेजारी एक पर्यटक बाई भाव विचारत उभ्या होत्या, त्यांनीही ते पाहिलं आणि सुरमईचा नाद सोडला. म्हणजे मावशींचं एकाच वेळी दोन ठिकाणी नुकसान. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. बांगड्यांचा वाटा लावला, वर दोन टाकले, पैसे घेतले.

त्या वागण्याचा हिशेब मला मे महिन्यात कळला. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडची, खरेदी चालते. सुकट, सुके बांगडे, बोंबील, चार महिन्यांची बेगमी. सुकी मासळी ही अशी वस्तू आहे की ती बघून कळत नाही. सुकटीत वाळू किती आहे, बोंबील नीट सुकलाय की पावसात त्याला वास सुटणार आहे, हे डबा उघडल्यावर कळतं, आणि तोवर बाजार संपलेला असतो. आगोटीला मावशींच्या पुढ्यात बायकांची रांग असते आणि कुणी भाव करत नाही. ज्या बाईने सुरमई नको म्हणून सांगितलं, तिची सुकट डोळे मिटून घेतली जाते. वर्षभर रोज थोडं थोडं खरं सांगत राहिल्याची ती वसुली आहे, असं मी म्हणेन. आणि हे त्यांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या सासूचंही तसंच होतं म्हणे.

माझी जाऊ मालवण तालुक्यात न्याहारी-निवास चालवते. तीही याच मताची. पावसाळ्यात खोली मागणाऱ्यांना ती आधी सांगते की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असेल, ताजी मासळी मिळेलच असं नाही, पाऊस बघायचा असेल तरच या. काहीजण बेत रद्द करतात. जे येतात ते नाराज होऊन परतत नाहीत, आणि रद्द करणाऱ्यांतले बरेच नारळी पौर्णिमेनंतर तिच्याकडेच येतात.

आता आंब्याच्या सगळ्यात अवघड गोष्टीकडे येते. साका. हापूस खाणाऱ्या प्रत्येकाने तो कधी ना कधी पाहिला आहे. बाहेरून केशरी, घमघमाट सुटलेला आंबा कापला की कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा, चवीला आंबट. बाहेरून त्याची काही खूण दिसत नाही, ना झाडावर, ना पेंढ्यात पिकत घातलेल्या अढीत, ना पेटीत. गिऱ्हाईकाला वाटतं, फसवलं. बागायतदाराला वाटतं, माझा काय दोष. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि बरीच नाती इथेच तुटतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगत आलंय की फळ पूर्ण सोळा आणे पिकण्याची वाट न बघता चौदा आण्यांना उतरवा, कलमाखाली गवताचं, पालापाचोळ्याचं आच्छादन करा म्हणजे तापलेल्या जमिनीची धग फळाला लागत नाही. दोन्ही आम्ही करतो. साका कमी होतो, पार जात नाही.

तेव्हा आम्ही प्रत्येक पेटीत, पेंढ्याच्या वर, हाताने लिहून झेरॉक्स काढलेली एक चिठ्ठी ठेवायला लागलो. तिच्यावर एवढंच असतं: "यातल्या एखाद्या आंब्यात साका निघू शकतो. तो बाहेरून आम्हालाही दिसत नाही. निघाला तर किती निघाले ते आणि पेटीवरचं अक्षर कळवा. फोटो पाठवायची गरज नाही. तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्तीचे येतील."

पहिल्या वर्षी वाडीतल्या लोकांना हे पटलं नाही. आपणच आपल्या मालाला नावं का ठेवायची, उद्या प्रत्येकजण चार आंबे फुकट मागेल, असं चांगल्या मनानेच सांगत होते. माझं म्हणणं वेगळं होतं. फोटो मागितला की आपण त्या माणसाला सांगतो, तुझ्या शब्दावर माझा भरवसा नाही. पिकलेल्या आंब्याचा रस कोपरापर्यंत ओघळत असताना कुणी फोटो काढत बसायचा, आणि त्याने तो कुणाला पटवून द्यायचा? झालं ते असं की लोक नेमके आकडे सांगायला लागले. "एक निघाला, पण राहू दे वहिनी." "दोन निघाले, बाकी फळ फार सुरेख होतं." क्वचित कुणी जास्त सांगत असेलही. ते मला चालतं.

आणि पेटीवरचं अक्षर मागायचं कारण निराळंच आहे. आमची बाग दोन तुकड्यांत आहे, काही कलमं घराजवळच्या मातीत, काही वर कातळावर सुरुंग लावून खड्डे फोडून लावलेली. कुठली पेटी कुठल्या भागातली, हे अक्षर सांगतं. पहिल्या हंगामाअखेर वही काढून बसलो तर साक्याचे बहुतेक निरोप कातळाच्या एका टोकाकडच्या पेट्यांचे. पुढच्या जानेवारीत त्या टोकाला गवताचं आच्छादन दुप्पट जाड केलं. वाशीच्या पट्टीतून ही गोष्ट आम्हाला कधीच कळली नसती. गिऱ्हाईकाशी बोलणं म्हणजे त्याला खूष ठेवणं एवढंच बऱ्याच जणांना वाटतं. आपल्या बागेत काय चाललंय हे ठाण्यातल्या एखाद्या स्वयंपाकघरातून कळू शकतं, हा त्यातला खरा फायदा, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

वहीत काय लिहिते, तेही सांगते, कारण विचारणाऱ्यांना ते बघायचं असतं. नाव, पत्ता, किती डझन हे तर आहेच. त्यापुढे: "सगळी फळं एकदम पिकलेली नकोत, घरात दोघंच." "आजोबांना रसाला पायरी लागते, हापूसबरोबर एक डझन घालणे." "मुलीची नीट आहे, परीक्षा झाल्यावरच फोन." "ठाण्याच्या काकू, रक्तदाब. आगळ नको." ही शेवटची नोंद माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रातांबे फोडून बिया काढायच्या, सालं मिठाबरोबर थरावर थर लावून बरणीत भरायची, रोज ढवळायची, मग जो गडद लाल रस सुटतो ते आगळ. मिठामुळेच ते वर्षभर टिकतं. काकूंनी चार बाटल्या मागितल्या होत्या. बोलता बोलता गोळ्यांचा विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं, काकू, यात मीठ भरपूर असतं, आधी डॉक्टरांना विचारा, तोवर बिनमिठाची सुकवलेली सोलं पाठवते. चार बाटल्यांच्या जागी सोलांचं एक पाकीट गेलं. त्या काकू आजही दर महिन्याला फोन करतात. निम्म्या वेळा काही मागवायचं नसतं, सोलकढी फाटली की काय करायचं, मुठेल कोकम तेल भेगांना नुसतं लावायचं की गरम करून, असलं काहीबाही असतं. मी बोलते. तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

आता रिकाम्या महिन्यांतल्या निरोपांबद्दल. रोज सकाळी फुलांचं चित्र, सणाला आपल्या बोधचिन्हासकट शुभेच्छा, हे मी पाठवत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नसतं, आणि माणूस न वाचता पुढे जातो. मग कधी खरंच काही सांगायचं असेल तेव्हाही तो न वाचता पुढे जातो. मी बागेत जे घडतं ते पाठवते. डिसेंबरात थंडी पडली की मोहोराचा फोटो. जानेवारीत तुडतुडे आले तर तेही, आणि कशाची फवारणी केली ते. फेब्रुवारीत उष्मा वाढून कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, गळाली तर गळालेल्या कण्यांचा फोटो. आणि मार्चमध्ये हिशेब: यंदा एप्रिलच्या मध्याआधी आंबा देता येणार नाही, ज्यांना पाडव्याला हवाय त्यांनी दुसरीकडे बघावं. गुढीपाडव्याला आंबा हवा असणाऱ्याला थांबा म्हणून अडकवून ठेवायचं आणि आयत्या वेळी हात वर करायचे, याच्यासारखा दुसरा अपराध नाही आमच्या धंद्यात.

फोनच्या बाबतीत एकच तांत्रिक गोष्ट सांगण्याजोगी वाटते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, आणि निरोप फक्त त्यालाच पोचतो ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवलेला आहे. अनेकांना ही अडचण वाटते. मला ती चांगली चाळणी वाटते. ज्याने नंबर ठेवलाय त्याला आपलं ऐकायचंय. पहिली पेटी पोचली की मी फोन करून विचारते, फळ कसं पोचलं, आणि जाता जाता नंबर ठेवायला सांगते. ग्रुप मात्र मी करत नाही. लोकांचे नंबर त्यांना न विचारता एकमेकांना दाखवायचे, हे मला पटत नाही.

नवी गिऱ्हाइकं येतात कुठून, तर माणसांकडून. कोकणाला हे जाळं फार आधीपासून मिळालेलं आहे. गिरणगावात गेलेला चाकरमानी मनिऑर्डर पाठवायचा, गावकरी मंडळात जमायचा, गणपती-शिमग्याला गाव गाठायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसं परळ-लालबागहून कल्याण, विरार, बदलापूरला पांगली. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि येणं-जाणं सोपं झालं. त्यामुळे आमच्या वाडीतल्या जवळपास प्रत्येक घराचं कुणीतरी मुंबईच्या कुठल्यातरी उपनगरात आहे, आणि त्याच्या शेजारी असे लोक आहेत ज्यांचं कोकणात कुणी नाही. एक पेटी चाकरमान्याकडे जाते, ती उघडली की जिन्यात वास जातो, आणि पुढचा फोन समोरच्या दाराचा येतो. गणपतीत चाकरमानी घरी आला की आम्ही त्याच्या पिशवीत आमसुलांचं पाकीट घालतो, त्याच्यासाठी एक आणि त्याच्या शेजाऱ्यासाठी एक. दुसऱ्या पाकिटाचे पैसे घेत नाही.

उद्योजकांच्या ओळखीसाठी रीतसर संस्थाही आहेत. अमेरिकेत १९८५ साली इव्हान मिस्नर यांनी सुरू केलेली बीएनआय आता आपल्या शहरांत पोचली आहे, आणि मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे. एकमेकांचा धंदा समजून घ्यायचा आणि आपल्या ओळखीतलं काम दुसऱ्याकडे वळवायचं, ही त्यामागची कल्पना. अशा भेटीगाठींतूनच मला खोके बनवणारा चांगला माणूस मिळाला, लेबलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा, क्रमांक, उत्पादनाची तारीख हे सगळं कसं छापायचं ते कळलं. हे काम घरच्या ओळखींनी झालं नसतं. पण खाणारं गिऱ्हाईक मला तिथे फारसं मिळालं नाही, आणि नुसतं व्हिजिटिंग कार्ड वाटून कुणाला मिळत असेल असं मला वाटत नाही.

खाणारं गिऱ्हाईक मला देवगडहून बोरिवलीला जाणाऱ्या रात्रीच्या बसच्या क्लीनरने मिळवून दिलं. आमचे बॉक्स त्याच गाडीने जातात. पहाटे पाचला तो गिऱ्हाईकाला फोन करतो, काकी, गाडी अमुक पुलाखाली येतेय, या. कुणाला यायला उशीर झाला तर तिथल्या चहावाल्याकडे बॉक्स ठेवतो. त्या चहावाल्याकडे बॉक्स बघून चौकशी करणारे पुढे आमचे गिऱ्हाईक झाले, आणि त्यांच्यातल्या एका बाईंनी त्यांच्या बँकेतल्या सगळ्यांची मागणी एकत्र करून पाठवली. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एका शोधनिबंधात असंच काही मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांकडे त्याने चौकशी केली, तर ती बहुतेकांना जिवलगांकडून मिळाली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसांकडून तिची बातमी आली होती. कारण जवळची माणसं आपल्याला जे माहीत आहे तेच जाणतात, जेमतेम ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातला असतो. हे वाचलं तेव्हा मला आधी आमचा क्लीनर आठवला. दर हंगामाच्या पहिल्या फेरीला त्याच्या घरी दोन डझन जातात, आणि ते निवडून घातलेले असतात. उरलेसुरले नव्हेत.

१६ मे २०२१. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत गेलं. त्या रात्रीनंतर बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे फळ. काही कलमं मुळासकट आडवी. वीज गेली, फोनला रेंज नाही. आमच्याकडे तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी लोकांनी आगाऊ भरलेले पैसे होते. रेंज येणाऱ्या सड्यावर चढून मी पहिला निरोप पाठवला तो असा: आम्ही सगळे सुखरूप आहोत, आंबा गेला, पैसे परत करतोय, खातं क्रमांक कळवा. त्या निरोपात मदत मागितली नव्हती, आणि मागायची नाही हे सासऱ्यांनी बजावलं होतं. बहुतेकांनी पैसे परत घेतले, आणि ते योग्यच होतं, त्यांचे पैसे होते. काहींनी पुढच्या वर्षात धरा म्हणून कळवलं. नाशिकच्या एका कुटुंबाने पडलेल्या कच्च्या आंब्यांचं लोणचं, मुरांबा, पन्ह्याचा गर, जे काही करता येईल ते करा, आम्ही आणि आमचे ओळखीचे घेऊ, असं कळवलं. पडलेलं फळ आपटलेलं असतं, टिकत नाही. सासूबाई आणि वाडीतल्या बायका दोन दिवस विळ्या घेऊन पडवीत बसल्या. जेवढं निवडून घेता आलं तेवढं घेतलं, आणि बरण्या नाशिकला गेल्या. आजही आमचं लोणचं सर्वात जास्त तिथेच जातं.

अलीकडे खरा हापूस ओळखण्यासाठी बरंच चाललंय. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या हंगामापासून देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर लावायला सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर आणलं, म्हणजे दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने विकला जाऊ नये. हे व्हायलाच हवं होतं. परराज्यातलं फळ आमच्या नावाच्या खोक्यात विकलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि त्याचा संताप येतो. अनोळखी गिऱ्हाईकाला स्टिकरचा आधार मोठा आहे. फक्त स्टिकर फळ कुठलं ते सांगतं. ते कधी उतरवलं, अढीत नीट पिकवलं का, साका निघाला तर पुढे काय, हे विचारायला माणूसच लागतो.

म्हणूनच शहरातल्या एका दुकानदाराला मी नाही म्हटलं. त्याला आमचं आगळ मोठ्या प्रमाणात हवं होतं, वर्षभर, रोख पैसे. अट एकच: बाटलीवर आमचं नाव नको, त्याच्या दुकानाचं लेबल. रक्कम घरात सगळ्यांना मोहात पाडण्याजोगी होती आणि आम्ही बरेच दिवस विचार केला. मला त्या पट्ट्या आठवत होत्या. पुन्हा डागांचा हिशेब, पुन्हा खाणाऱ्याचा पत्ता नाही. ज्याला असं देणं परवडतं त्याने जरूर द्यावं, त्यात कमीपणा नाही. आमच्या घरात आगळ तयारच थोडं होतं, आणि ते ओळखीच्या घरांना पुरत नाही.

यंदा सर्वात अवघड निरोप होता भाव वाढवण्याचा. औषधं महागली, खोक्याचा पुठ्ठा महागला, काढणीच्या दिवसांत गड्यांची मजुरी वाढली, आणि पीक कमी. सासरे म्हणत होते, खोक्यात फळ थोडं लहान घालून भाव तोच ठेवू, सगळे तेच करतात. घरात यावर बरीच वादावादी झाली. शेवटी मी फेब्रुवारीतच, मोहोराच्या फोटोबरोबर, भाव लिहून पाठवला. डझनामागे किती वाढ, आणि ती कुठे कुठे जातेय, ओळीओळीने. फळाचं वजन मागच्या वर्षीइतकंच असेल, हेही लिहिलं. ज्यांना जमणार नाही त्यांनी मनावर घेऊ नये, कोकम आणि काजूचे भाव तेच आहेत.

काही घरं गेली. एका काकांनी स्पष्ट कळवलं की यंदा निवृत्तीचं वर्ष आहे, परवडत नाही, मी त्यांना तेवढ्याच मोकळेपणाने ठीक आहे म्हटलं. दोघांनी पाच डझनांवरून दोन डझनांवर आणलं. एका बाईंनी विचारलं, गड्याला रोजची मजुरी किती देता. मी आकडा सांगितला. त्यांचा परत निरोप आला की एवढं उन्हात चढायचं तर कमीच आहे ते, आणि त्यांची नेहमीची मागणी तशीच ठेवली. तो निरोप मी सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मगे पुढच्या वर्षी मजुरी वाढवंक होयी." तो आकडा अजून ठरलेला नाही. ठरला की मोहोराच्या फोटोबरोबर तोही जाईल.